गाडी कुठली, आणि मिस्त्री कुठला

इंदूरच्या देवास नाक्यावर किंवा ट्रान्सपोर्ट नगरात एखाद्या जुन्या गाडीमालकाला "ट्रक कुठल्या कंपनीचा घ्यावा?" असं विचारून बघा. उत्तराऐवजी दोन प्रश्न परत येतील. चालवणार कुठल्या रूटवर? आणि रस्त्यात बंद पडला तर उघडणार कोण? मायलेज, हॉर्सपॉवर, केबिनमधला एसी हे सगळं त्यानंतर. मोटार घेताना माणूस थोडी हौस करतो. ट्रकचं तसं नाही. तो उभा राहिला तरी हप्ता चालू, ड्रायव्हरचा भत्ता चालू, आणि आतल्या मालाचा मालक तासातासाला फोन करतो तो वेगळाच. त्यामुळे या धंद्यात नाव कमावलं ते सगळ्यात दमदार गाडीनं नव्हे, तर बंद पडल्यावर सगळ्यात लवकर पुन्हा रस्त्याला लागणाऱ्या गाडीनं. आपल्याकडच्या जड वाहनांचा इतिहास या बाजूनं वाचला की बराच उलगडतो, आणि अर्धा इतिहास तर इंदूरच्या उंबरठ्यावर, पिथमपूरलाच घडलेला आहे.

मूळ अर्थात युरोपातलं. गॉटलीब डायमलरनं १८९६ साली पहिला मोटार ट्रक बनवला. इंजिन चार हॉर्सपॉवरचं, माल दीड टन. त्याच वर्षी इंग्लंडातल्या लेलँड गावी वाफेवर चालणारी व्हॅन तयार झाली, आणि तिच्यातूनच पुढे लेलँड कंपनी उभी राहिली. ट्रकमध्ये डिझेल इंजिन यायला १९२३-२४ उजाडलं. बेंझ आणि एमएएन या दोन जर्मन कंपन्यांनी ते जवळजवळ एकाच वेळी आणलं. व्होल्व्होचा पहिला ट्रक १९२८चा. आणखीही मोठी नावं आहेत, पण ही चार-पाच आपल्या कामाची, कारण ती सगळी कधी ना कधी आग्रा-मुंबई रस्त्यावर उतरली.

पहिली उतरली ती डायमलर-बेंझची मर्सिडीज, टाटांच्या हातून. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीनं डायमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरमधून ट्रक बाहेर पडू लागले. पुढे जाळीवर तीन टोकांचा तारा होता. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला, टाटांचं 'टी' आलं. इंजिन मात्र तेच राहिलं. टाटाचं ६९७ इंजिन आठवा. यातला ६ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ म्हणजे मिलिमीटरमधला बोअर, सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, १२८ मिलिमीटर. सहाही सिलिंडरांचं घनफळ काढलं की ५,६७५ सीसी येतात, आणि मर्सिडीजच्या ओएम ३५२ इंजिनाचाही हाच आकडा आहे. त्याच मापाचे चार सिलिंडर घेतले की झालं ४९७, म्हणजे ३,७८३ सीसी. मोठी गाडी असो की छोटी, बोअर-स्ट्रोक एकच. त्यामुळे एका गाडीवर शिकलेल्या मिस्त्रीचा हात दुसरीवर आपोआप बसायचा. इन-लाइन फ्युएल पंप, सगळं यांत्रिक. एकदा इंजिन सुरू झालं की बॅटरी उतरवून ठेवली तरी ते चालत राहायचं. हायवेवर दर दहा-वीस किलोमीटरला झाडाखाली पाने-स्पॅनर घेऊन बसलेला जो माणूस दिसायचा, त्याला ही गाडी तोंडपाठ होती. टाटांचं सर्व्हिस नेटवर्क म्हणाल तर खरं तेच, आणि ते कुणा कंपनीनं उभारलं नव्हतं.

जर्मन खुणा मॉडेलच्या अक्षरांतही राहून गेल्या. एलपीटी म्हणजे साधा माल ट्रक, एलपीके म्हणजे टिपर, एलपीएस म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर. यातला 'के' टिपरसाठीच्या जर्मन शब्दाचा आणि 'एस' ट्रॅक्टरसाठीच्या.

लेलँडचा प्रवास वेगळ्या वाटेनं झाला. १९४८ साली चेन्नईजवळ एन्नोरला अशोक मोटर्स ऑस्टिनच्या मोटारी जोडायला सुरू झाली, आणि १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली. कॉमेट ही त्यांची नाव काढणारी गाडी. ऐंशीच्या दशकात त्यांनी जपानच्या हिनोकडून इंजिनाचं तंत्र घेतलं. प्रीमियरची डॉज-फार्गो आणि हिंदुस्तान मोटर्सची बेडफर्ड हीदेखील एके काळी रस्त्यावर सर्रास दिसायची. आज त्यांचे सांगाडेसुद्धा भंगारात मिळणं मुश्कील.

आता पिथमपूर. धार जिल्ह्यातलं हे गाव इंदूरपासून पाऊण-एक तासावर. रामबाग-लोकमान्य नगरातल्या किती मराठी घरांतून कंपनीच्या बसनं पहाटेची पाळी गाठली गेली असेल, त्याची गणती नाही. ऐंशीच्या दशकात जपानी भागीदारीतल्या चार हलक्या ट्रकच्या कंपन्या देशात आल्या: डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, ऑलविन निसान आणि आयशर मित्सुबिशी. चौघींत आयशरनं पिथमपूर निवडलं, आणि १९८६ पासून तिथून कँटर निघू लागली. कँटर हे मॉडेलचं नाव. पण माळव्यात मधल्या आकाराच्या कुठल्याही गाडीला लोक आजही 'कँटर' म्हणतात, मग पुढे बिल्ला कुणाचाही असो. २००८ साली व्होल्व्हो आणि आयशर यांची निम्मी-निम्मी भागीदारी झाली, आणि २०१३ पासून व्होल्व्हो समूहाच्या मध्यम ट्रकांची इंजिनंही इथं बनू लागली. म्हणजे युरोपात धावणाऱ्या एखाद्या ट्रकच्या इंजिनावर पिथमपूरचा हात फिरलेला असतो, आणि त्या ट्रकच्या ड्रायव्हरला त्याचा पत्ताही नसतो.

पिथमपूरचाच दुसरा किस्सा एमएएनचा. फोर्स मोटर्सबरोबर भागीदारी करून या कंपनीनं इथं सीएलए मालिकेचे ट्रक बनवले. नंबरची पद्धतही तिची स्वतःची: २५.२८० म्हणजे पंचवीस टन, २८० हॉर्सपॉवर. खडी-मुरमाच्या कामाला गाडी तगडी. पुढे तिनं भागीदाराचा हिस्सा विकत घेतला, आणि २०१८ मध्ये भारतातला धंदाच आवरता घेतला. ज्यांच्या दारात त्या गाड्या उभ्या होत्या त्यांना एक गोष्ट ताबडतोब कळली असणार. ट्रकवर नाव एका कंपनीचं असतं, पण आतलं निम्मं सामान दुसऱ्यांचं. ब्रेकचे व्हॉल्व्ह, क्लच, स्टिअरिंग बॉक्स, फिल्टर, इंजेक्टर बनवणारे पुरवठादार मोजकेच आहेत आणि तेच सगळ्यांना माल देतात. तो भाग पार्ट नंबर जुळवून दुसऱ्या गाडीचाही बसतो. अडतं ते कंपनीच्या खास वस्तूंपाशी: केबिनचे पत्रे, विंडशील्ड, वायरिंग, आणि सगळ्यात जास्त इंजिनच्या कंट्रोल युनिटपाशी. कमी खपाच्या ब्रँडची जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यानं आधी याच चार गोष्टींची किंमत काढावी. टाटाच्याही कितीतरी मोठ्या गाड्यांत इंजिन कमिन्सचं असतं. ती भागीदारी १९९३ची.

१९९८ मध्ये बंगळूरजवळ होसकोटेला व्होल्व्होनं आपले मोठे ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि 'मोठी गाडी' म्हणजे काय याची आपली कल्पनाच बदलली. कोळशाच्या खाणींत त्यांचे टिपर चांगले रुळले. खाणीत ते का रुळले आणि हायवेवर सर्रास का दिसत नाहीत? खाणीत कंपनीचा माणूस साइटवरच बसतो, सुटे भाग कंटेनरमध्ये भरलेले असतात, आणि गाडी वीस तास चालली तर महागाई वसूल होते. एकट्या मालकाला यातलं काहीच परवडत नाही. डायमलर २०१२ साली भारतबेंझ या नावानं परत आली, तीही चेन्नईजवळ ओरगडमला स्वतःचा कारखाना घालून.

मागच्या काही वर्षांत गाड्यांचे नंबर एकदम बदलले, त्यामागे कुणाची हौस नव्हती. टाटा-लेलँडच्या नंबरमध्ये पहिले दोन आकडे एकूण वजनाचे, टनांत. नंतरचे दोन इंजिनच्या ताकदीचे, दहानं भागलेले. २५१८ म्हणजे २५ टन आणि १८० हॉर्सपॉवर. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दोन अ‍ॅक्सलचा ट्रक १६.२ टनांवरून १८.५ वर गेला, तीन अ‍ॅक्सलचा म्हणजे दहा चाकी २५ वरून २८.५ वर, पाच अ‍ॅक्सलचा ३७ वरून ४३.५ वर, आणि ट्रॅक्टर-ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर. म्हणून २५१८ ची २८१८ झाली आणि ५५३० सारखे नंबर दिसू लागले. हे वजन गाडी, बॉडी, डिझेल आणि माल धरून असतं. दहा चाकीची रिकामी गाडी बॉडीसकट नऊ-साडेनऊ टन धरली, तर माल एकोणीस टनांच्या आसपास बसतो. मजबूत दिसावी म्हणून जाड चॅनलची बॉडी बांधून घेणारे हे विसरतात. बॉडीत वाढलेला प्रत्येक क्विंटल दर फेरीला मालातून वजा होतो.

जुना टिपर घेऊन त्याची माल गाडी करायची, हा ट्रान्सपोर्ट नगरातला आवडता बेत. इंजिन पाहतात, टायर पाहतात, चेसिसवर वेल्डिंग आहे का तेही पाहतात. डिफरन्शिअलचा रेशो, म्हणजे मागची चाकं एकदा फिरायला त्यांना फिरवणारा शाफ्ट किती वेळा फिरतो ते, कुणी विचारत नाही. खरं नुकसान तिथेच होतं. भरलेल्या टिपरला खड्ड्यातून वर यायचं असतं, म्हणून त्याचा रेशो मोठा असतो, उदाहरणार्थ क्राउन (मोठं चक्र) ४१ दातांचा आणि पिनियन (छोटं चक्र) ६ दातांचा, म्हणजे ६.८३. लांब पल्ल्याच्या गाडीला ३९ आणि ८, म्हणजे ४.८८ सारखा रेशो पुरतो. १०.००-२० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला ३१२ फेरे घेतं. वरच्या डायरेक्ट गियरमध्ये, जिथं इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात, पहिल्या गाडीचं इंजिन मग २,१३० च्या पुढे फिरतं, दुसरीचं १,५२० ला. डिझेल कुठली गाडी जास्त पिईल ते वेगळं सांगायला नको.

रेशोची प्लेट मिटली असेल तर हाउसिंग न उघडताही रेशो काढता येतो. एकच मागचा अ‍ॅक्सल ओढत असेल अशा गाडीची ही रीत. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, गियर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक सोडा. ओढणाऱ्या अ‍ॅक्सलची एकच बाजू जॅकवर घ्या, खाली स्टँड द्या. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पावणेसात-सात आले तर टिपरचा गोळा (डिफरन्शिअल), पाच आले तर लाइनचा. चाक दोनदा का? दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं, त्यामुळे डिफरन्शिअलची केज, म्हणजे क्राउन बसवलेला सांगाडा, निम्मीच फिरते.

रूटचा प्रश्न इंदूरहून मुंबईकडे निघालं की पहिल्या शंभर किलोमीटरच्या आतच येतो. माळव्याचं पठार साडेपाचशे मीटरवर, आणि खलघाटला नर्मदा दीडशेच्या आसपास. मधले चारशे मीटर उतरायचे असतात मानपूरच्या पुढच्या घाटांतून. धामनोदच्या अलीकडचा गणेश घाट ब्रेक फेल होण्यासाठी इतका बदनाम झाला, की शेवटी २०२४ च्या अखेरीस तिथे कमी उताराचा नवा मार्ग खुला करावा लागला. पुढे सेंधव्याजवळ बिजासन घाट आहेच. बातमीत दर वेळी 'ब्रेक फेल' छापून येतं. ब्रेक क्वचितच मोडलेला असतो. तो तापलेला असतो.

हिशेब सोपा आहे. साडेअठ्ठावीस टनांची गाडी शंभर मीटर खाली आली की २८ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. सहा ड्रम, प्रत्येकी पन्नास किलो बीड (ओतीव लोखंड) धरा. रस्त्याचं आणि हवेचं घर्षण वजा करूनही, सगळा भार ब्रेकवर टाकला तर दर शंभर मीटरला ड्रम दीडशेहून जास्त अंशांनी तापतात. सावकाश उतरल्यानं थोडं निवतात, तितकंच. दोनशे मीटर उतरेपर्यंत ब्रेक लायनर तीनशे अंशांच्या पुढे गेलेला असतो, आणि तिथून त्याची पकड घसरू लागते. वर लोखंड तापून ड्रम मोठा होतो, आतून दाबणाऱ्या शूपासून लांब जातो, आणि हवेच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या चेंबरचा पुशरॉड आणखी बाहेर यावा लागतो. रॉडची चाल संपली की पेडल कितीही दाबा, हवा पूर्ण असते, गेज आठ बार दाखवतं, आणि गाडी थांबत नाही.

म्हणून घाटाआधी, वर सपाटीला, रॉडची चाल मोजावी. मागच्या चाकांना बहुधा ३० नंबरचा चेंबर असतो. चाकांना ठोकळे लावून पार्किंग ब्रेक सोडा, इंजिन बंद करा, हवा साडेसहा बारच्या आसपास ठेवा. चेंबरच्या तोंडापाशी रॉडवर खडूची रेघ मारा, क्लीनरला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि रेघ किती बाहेर आली ते पट्टीनं मोजा. चेंबरची एकूण चाल ६३ मिलिमीटरच्या आसपास; ५० च्या वर रेघ गेली की तो ब्रेक थंड असतानाच संपत आलेला आहे, गरम झाल्यावर राहील काय? रॉडची चाल कमी-जास्त करणारा स्लॅक हातानं फिरवायचा असेल तर शू ड्रमला टेकेपर्यंत आवळून पाव ते अर्धा फेरा मागे घ्यावा. ऑटोमॅटिक स्लॅक मात्र पुन्हा पुन्हा हातानं आवळू नये. तो सतत सुटत असेल तर दोष एस-कॅमच्या बुशमध्ये किंवा क्लेव्हिसच्या पिनमध्ये असतो. आवळून दोष झाकला जातो आणि घाटात उघडा पडतो.

उतरताना ज्या गियरमध्ये गाडी तो घाट चढली असती त्याच किंवा त्याहून एक खालच्या गियरमध्ये वरूनच शिरायचं. मध्येच गियर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. एग्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारा) लावून ठेवायचा, आणि वेग ठरवल्यापेक्षा वाढला तर पेडल जोरात दाबून आठ-दहा किलोमीटरनं कमी करायचा, मग पाय पूर्ण उचलायचा. पाय हलका ठेवून घाटभर ब्रेक घासत नेणं सर्वांत वाईट.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरवणारे अजून आहेत. गियरमध्ये गाडी इंजिनला ढकलत असते तेव्हा कॉमन रेल इंजेक्टर डिझेल सोडतच नाहीत. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन आयडलवर थोडं का होईना पितं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि हातातलं इंजिन ब्रेकिंगही जातं. वास यायला लागला, धूर दिसला, तर बाजूला घ्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, बीड तडकतं. पार्किंग ब्रेकऐवजी चाकाखाली ठोकळे द्या. आणि रोज सकाळी हवेच्या टाक्यांचा ड्रेन ओढा. तेल मिसळलेलं पाणी निघत असेल तर एअर ड्रायरचा कार्ट्रिज आणि कॉम्प्रेसर दोन्ही बघा. हे सगळं टाटालाही लागू, लेलँडलाही, भारतबेंझलाही. त्या उतारावर कुठलाच बिल्ला कामाला येत नाही.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि तो झाडाखालचा मिस्त्री थोडा मागे सरला. आता गाडी बंद पडते ती पुष्कळदा एखाद्या सेन्सरमुळे, आणि तो सांगायला स्कॅनर लागतो. आपल्याकडे सगळे ज्याला यूरिया म्हणतात ते डीईएफ, धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव, म्हणजे ३२.५ टक्के यूरिया आणि बाकी शुद्ध पाणी. डिझेलच्या साधारण पाच टक्के जातं. स्वस्तात मिळतं म्हणून खताचा यूरिया नळाच्या पाण्यात कालवून टाकणारे आहेत. त्या पाण्यातले क्षार आणि खतातली भेसळ धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टवर बसते, धुरातले विषारी वायू मोजणारा नॉक्स सेन्सर तक्रार करतो, आणि काही अंतरानंतर कंट्रोल युनिट इंजिनची ताकद कापून टाकतं. भरलेली गाडी घाटाच्या पायथ्याशी अशी लंगडी झाली की मग टो व्हॅनच. डीईएफच्या इंजेक्टरच्या नॉझलवर पांढरे खडे साचले असतील तर ते कोमट पाण्यात विरघळतात, तारेनं खरवडू नयेत. चुकून डीईएफच्या निळ्या झाकणाच्या टाकीत डिझेल पडलं तर चावीसुद्धा फिरवायची नाही, कारण चावी फिरली की पंप ते पुढे ओढतो आणि सील फुगतात. टाकी तिथेच उतरवून रिकामी करावी.

म्हणून आज नवी गाडी घेताना शोरूममध्ये विचारायचे प्रश्न जरा बदलले आहेत. स्कॅनर कुणाकुणाकडे आहे? इंदूर ते मुंबईच्या सहाशे किलोमीटरमध्ये रात्री उघडी असणारी वर्कशॉप कुठे कुठे? धामनोदला गाडी अडली तर माणूस इंदूरहून येणार की धुळ्याहून? सेल्समनला याची उत्तरं गावांच्या नावांसकट देता आली तर गाडीचा रंग बघायला हरकत नाही.